ज्याचे काम त्याच हत्याराने

भात कापायला आपण विळा घेतो. तण काढायला खुरपे घेतो. लाकूड फोडायला कुऱ्हाड घेतो आणि दगड हलवायला पहार घेतो. खुरप्याने कोणी झाड तोडत नाही. कुऱ्हाडीने कोणी मेथी निवडत नाही. हे आपल्याला कोणी मुद्दाम शिकवले नाही. वडलांच्या मागे शेतात हिंडताना, आईजवळ चुलीपाशी बसताना ते आपोआप अंगात मुरले.

पण घरी मोटार आली की हे शहाणपण आपण विसरतो. हाताला लागेल ते हत्यार चालवतो. नट पक्कडीने पिळतो. पेचकसाची छन्नी करतो. पान्याची हातोडी करतो. काम झाले तर म्हणतो, "झालं की!" बिघडले तर म्हणतो, "गाडीच खराब आहे."

आज गावोगावी जीप आहे, टेम्पो आहे, लहान मोटार आहे. गाडीची काही कामे घरी करता येतात. चाक बदलणे, बॅटरीची तार घट्ट करणे, एखादा ढिला नट आवळणे, एवढी कामे घरच्या माणसाला यावीत. त्यासाठी कोणती हत्यारे लागतात आणि ती कशी वापरावी, ते आपण या पाठात पाहू. पण आधी एक घडलेली गोष्ट ऐका.

ओढ्याजवळची रात्र

ही २००९ सालची गोष्ट आहे. आषाढ महिना होता. प्रौढांच्या रात्रवर्गासाठी आम्ही एका गावी मुक्कामाला गेलो होतो. ज्यांच्या घरी उतरलो, त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. रात्री अकराच्या सुमाराला तिच्या पोटात कळा येऊ लागल्या. गावातली दाई आली. तिने पोट चाचपून पाहिले आणि म्हणाली, "मूल आडवं वाटतंय. माझ्याच्यानं हे व्हायचं नाही. दवाखान्यात न्या."

घरात एक जुनी जीप होती. तालुक्याचा दवाखाना चौदा किलोमीटरवर. मुलीला मागच्या बाकावर निजवले. आई तिच्या उशाशी बसली. थोरला भाऊ गाडी चालवायला बसला. आम्हीही मदतीला म्हणून बरोबर निघालो.

गाव मागे टाकून चार किलोमीटर गेलो असू. ओढ्याच्या अलीकडे पुढचे चाक बसले. पंक्चर! वर पाऊस, खाली चिखल. भाऊ म्हणाला, "घाबरू नका. स्टेपनी आहे. दहा मिनिटांचं काम आहे."

स्टेपनी होती. जॅक होता. पण चाकाचा पाना नव्हता. भावाने बाकाखाली हात घालून पाहिले. पोत्याखाली पाहिले. मग कपाळावर हात मारला. दोन दिवसांपूर्वी विहिरीवरच्या इंजिनाचा नट काढायला त्याने तो पाना नेला होता. पाना विहिरीवरच राहिला होता.

गाडीत एक स्क्रू-पाना होता. या पान्याचा जबडा मळसूत्र फिरवून लहानमोठा करता येतो. भावाने तो चाकाच्या नटावर बसवला आणि जोर लावला. पाना सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. दोन नट कसेबसे निघाले. तिसऱ्या नटाचे कोपरे झिजून गोल झाले. मग पक्कड लावली. मग दगडाने ठोकून पाहिले. भावाच्या हाताची सालटी निघाली, पण नट काही हलला नाही. आत मुलगी कण्हत होती. आई म्हणत होती, "अरे, किती वेळ? माझी पोर जाईल रे!"

भावाने एका गड्याला पाना आणायला मागे पळवले. दोन तासांनी तो पाना घेऊन आला. पण आता पाना असून काय उपयोग? नट गोल झाला होता. त्यावर कोणताच पाना धरेना. शेवटी पहाटे दुधाचा टेम्पो आला. त्यात कॅनच्या मध्ये मुलीला घेऊन आम्ही तालुक्याला पोचलो.

डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया केली. मूल वाचले, आईही वाचली. पण डॉक्टर भावाला म्हणाले, "आणखी थोडा उशीर झाला असता, तर दोघांपैकी एकजण हाती लागला नसता."

भाऊ काही बोलला नाही. तो आपल्या सोललेल्या हाताकडे पाहत उभा राहिला.

मिस्त्रीमामांनी काय सांगितले

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून मिस्त्रीमामा आले. वय साठीचे. त्यांनी छन्नी लावून तो नट फोडला. एक नट गेला, त्याखालचा बोल्टही बदलावा लागला. काम झाल्यावर भावाने विचारले, "मामा, स्क्रू-पाना काय वाईट आहे? सगळ्या नटांना चालतो म्हणून तर घेतला होता."

मामा हसले. त्यांनी चिखलावर काडीने एक आकृती काढली. सहा बाजूंची.

"हा तुझा नट. त्याला सहा बाजू आहेत आणि सहा कोपरे. पान्यानं बाजू घट्ट धरायच्या असतात. बाजूवर जोर आला, तर नट फिरतो. पाना ढिला असला की बाजू सुटते आणि सगळा जोर येतो कोपऱ्यावर. कोपरा किती टिकणार? तो झिजतो. एकदा का कोपरे गेले, की नटाचा गोटा झाला. गोटा कशानं धरणार?"

"म्हणजे जो सगळ्यांना चालतो, तो कोणालाच नीट चालत नाही," भाऊ म्हणाला.

"अगदी तसंच. स्क्रू-पाना वाईट नाही. नळाच्या कामाला, हलक्या कामाला तो बरा. पण ज्या नटावर जीव अवलंबून आहे, त्याला त्याच्याच मापाचा पाना पाहिजे."

मामांचे हे बोलणे आपण नीट समजून घेऊ.

पाने किती जातींचे

पहिला फिक्स पाना. याला दोन्ही टोकांना उघडी तोंडे असतात. हा नटाच्या दोनच बाजू धरतो. अडचणीच्या जागी तो बाजूने सरकवता येतो, म्हणून उपयोगी. पण फार जोराच्या कामाला तो नव्हे. जोर फार झाला की त्याचे तोंड फाकते.

दुसरा रिंग पाना. याचे तोंड बंद कड्यासारखे असते. हा नटाला चारी बाजूंनी वेढतो. तो सहजी सटकत नाही. घट्ट बसलेला नट सोडवायचा, तर रिंग पाना घ्यावा. नट एकदा हलला, की मग फिक्स पान्याने भराभर काढावा.

तिसरा बॉक्स पाना किंवा सॉकेट. हा वाटीसारखा असतो. नट त्याच्या पोटात बसतो. चाकाचा पाना याच जातीचा.

पक्कड हे पान्याच्या जातीचे हत्यार नव्हे, हे पक्के लक्षात ठेवा. पक्कड तार पिळायला, तार तोडायला, गरम वस्तू धरायला. नट फिरवायला पक्कड लावली, की कोपरे गेलेच म्हणून समजा.

पान्यावरचा आकडा वाचा

प्रत्येक पान्यावर एक आकडा कोरलेला असतो. तो बहुधा मिलिमीटरचा आकडा असतो. शाळेतल्या मुलाची पट्टी हातात घ्या. तिच्यावर ज्या अगदी बारीक रेघा दिसतात, त्यातली दोन रेघांमधली जागा म्हणजे एक मिलिमीटर. असे दहा मिलिमीटर मिळून एक सेंटिमीटर होतो.

पान्यावर १३ लिहिले असेल, तर पान्याच्या तोंडाची रुंदी १३ मिलिमीटर. ज्या नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमध्ये १३ मिलिमीटर अंतर आहे, त्याला तो पाना बसतो. बोल्टची जाडी वेगळी आणि नटाचे माप वेगळे. ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचा नट बहुधा १० चा असतो. लहान मोटारींच्या चाकांचे नट बहुधा १७, १९ किंवा २१ चे असतात.

पान्यावरचे आकडे इंग्रजी असतात. ते वाचायला शिकणे अवघड नाही. अलीकडच्या पाचशेच्या नोटेवर इंग्रजी आकडाही असतो आणि आपला मराठीसारखा ५०० हा आकडाही असतो. दोन्ही शेजारी धरून पाहा. घरातल्या मुलाला विचारा. एका संध्याकाळी सगळे दहा आकडे ओळखीचे होतील. मग पाना निवडताना अंदाज करावा लागणार नाही.

जुन्या जीपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ही गाडी मूळ अमेरिकेतली. तिचे नट इंचाच्या मापाचे असत. आपल्या देशात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला. तरी जुन्या यंत्रांचे नट इंचातलेच राहिले. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या नटावर १२ चा पाना चढत नाही आणि १३ चा किंचित ढिला होतो. हा किंचित ढिलेपणाच घात करतो. म्हणून नवा पाना विकत घेताना गाडी दुकानाशी न्या, नाहीतर एक नट खिशात घालून न्या. पाना नटावर बसवून, हलवून पाहा. डुगडुगत असेल तर परत करा.

जुन्या विलिस जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असत. ते सोडवायचे तर नेहमीच्या उलट दिशेने फिरवावे लागत. सायकलचे डावे पायडल ज्याने काढले असेल, त्याला याचे नवल वाटणार नाही. त्याचेही आटे उलटेच असतात. म्हणून जुन्या गाडीचा नट हलत नसेल, तर जोर वाढवण्याआधी विचारा, "मी सोडवतोय की आवळतोय?"

जोर किती लावावा

पहारेने मोठा दगड हलतो, तो कशामुळे? पहार लांब असते म्हणून. पान्याचेही तसेच. दांडा जितका लांब, तितका जोर वाढतो.

लहान मोटारीच्या चाकाचा नट आवळायला फूटभर लांबीचा पाना घेतला, तर त्याच्या टोकावर सुमारे तीस ते पस्तीस किलोचा भार पुरतो. धडधाकट माणसाच्या हातांचा तेवढा जोर सहज पडतो. म्हणूनच गाडीबरोबर मिळणारा पाना लांबीने बेताचा केलेला असतो.

पण आपण काय करतो? पान्यावर पाय देऊन उभे राहतो. पासष्ट किलोचा माणूस उभा राहिला, की जोर दुप्पट झाला. कोणी पान्यात तीन फुटांचा पाईप घालतो. मग हातांचाच जोर तिप्पट होतो. त्या वेळी काही मोडत नाही, म्हणून आपल्याला बरे वाटते. पण आतला बोल्ट ताणला जातो. आटे दुखावतात. पुढे कधीतरी, भर वेगात, तो बोल्ट तुटतो. आणि रस्त्यात पंक्चर झाले, तर तो नट बायकामाणसाने किंवा म्हाताऱ्याने सोडवायचा कसा? तोही विचार करावा.

पाना नेहमी आपल्याकडे ओढावा. ढकलू नये. ढकलताना पाना सटकला, तर मूठ जाऊन लोखंडावर आदळते. ढकलावेच लागले, तर मूठ उघडी ठेवून तळहाताने ढकलावे.

नट गंजला असेल तर मारझोड करू नये. त्यावर थोडे तेल सोडावे आणि घटकाभर थांबावे. तेल आट्यांत मुरते आणि नट सैल होतो. पण चाक पुन्हा बसवताना त्याच्या बोल्टला तेल किंवा वंगण लावू नये. बैलगाडीच्या आखाला वंगण लागते, म्हणून मोटारीच्या चाकालाही लागते असे नाही. बोल्ट कोरडे, स्वच्छ असावेत. वंगण लागले, की त्याच जोरात नट जास्त आवळला जातो.

चाक बदलण्याची रीत

चाक बदलणे सोपे आहे. पण त्याचा क्रम चुकवू नये.

पहिली गोष्ट. गाडी सपाट आणि कठीण जागी घ्यावी. रस्त्याच्या कडेला, वाहनांच्या वाटेपासून दूर. त्यासाठी पंक्चर चाकावर चार पावले हळूहळू जावे लागले तरी चालेल. माणसांना खाली उतरवावे. हातब्रेक ओढावा. इंजिन बंद करून गाडी गियरमध्ये ठेवावी. जे चाक बदलायचे, त्याच्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी पाचर लावावी.

दुसरी गोष्ट. चाक जमिनीवर असतानाच सगळे नट अर्धा-अर्धा फेरा ढिले करावेत. पुष्कळजण गाडी आधी उचलतात. मग नट फिरवायला गेले, की चाकच फिरते. आणि जोराच्या धक्क्याने गाडी जॅकवरून घसरते.

तिसरी गोष्ट. जॅक योग्य जागी लावावा. प्रत्येक गाडीला जॅकची जागा ठरलेली असते. ती गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असते. कुठेही लावला, तर पत्रा चेपतो आणि गाडी निसटते. जमीन मऊ असेल, तर जॅकखाली जाड लाकडी फळी ठेवावी. फळीचा एक तुकडा गाडीत कायम असावा. वीट ठेवू नये. वीट फुटते.

चौथी गोष्ट. चाक जमिनीपासून सुटेपर्यंतच गाडी उचलावी. नट काढून टोपीत किंवा फडक्यावर ठेवावेत. मातीत टाकू नयेत. चाक काढण्याआधी स्टेपनी गाडीच्या अंगाखाली आडवी सरकवावी. चाक काढल्यावर ते तिथे ठेवावे आणि स्टेपनी घ्यावी. जॅक सुटलाच, तर गाडी त्या चाकावर टेकते. आपले हातपाय वाचतात.

पाचवी गोष्ट. नवे चाक चढवून नट आधी बोटांनी लावावेत. दोन-तीन फेरे बोटांनीच फिरले पाहिजेत. नट अडला तर तो तिरका बसला आहे. पान्याने रेटू नये. काढून पुन्हा लावावा. नटाची निमुळती बाजू चाकाकडे असावी.

सहावी गोष्ट. गाडी खाली घेऊन नट पक्के आवळावेत. ओळीने आवळू नयेत. चार नट असतील, तर समोरासमोरचे आवळावेत. पाच असतील, तर एक सोडून एक. पहिला, तिसरा, पाचवा, दुसरा, चौथा. असे केले म्हणजे चाक सरळ बसते. पन्नास किलोमीटर गेल्यावर सगळे नट पुन्हा एकदा तपासावेत.

जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका

ही गोष्ट आम्ही मुद्दाम वेगळी सांगत आहोत. आमच्या ओळखीचा एक तरुण तेलाची गळती पाहायला गाडीखाली शिरला. "दोनच मिनिटं," असे बायकोला म्हणाला. गाडी जॅकवर होती. जॅक कलला. शेजारी धावले, गाडी उचलली. पण त्याच्या छातीत काही उरले नव्हते.

लहानशी मोटारसुद्धा सहा-सातशे किलोची असते. जीप हजार किलोच्या वर जाते. मोठ्या गाड्या दीड-दोन हजार किलोच्या असतात. पन्नास किलोची ज्वारीची पोती डोळ्यांपुढे आणा. अशी वीस पोती एकदम अंगावर पडली तर?

जॅक हे गाडी उचलायचे हत्यार आहे. गाडी तोलून धरायचे ते हत्यार नव्हे. गाडीखाली काम करायचे, तर लोखंडी घोडी लागते. गाडीच्या वजनाची घोडी घ्यावी, ती कठीण जमिनीवर ठेवावी आणि गाडी तिच्यावर टेकवावी. मग हाताने गाडी हलवून पाहावी. हलली नाही, तरच खाली शिरावे. विटांची चळत, दगडांची रास, सिमेंटचा ठोकळा, यांवर भरवसा ठेवू नये. घोडी नसेल, तर खाली शिरू नये. एवढा एकच नियम पाळला, तरी पुष्कळ घरांतली कुंकवे वाचतील.

बॅटरीचे काम

बॅटरीला दोन खुंट्या असतात. एकीवर अधिक ची खूण असते, + अशी. दुसरीवर वजा ची, - अशी. बेरीज-वजाबाकी शिकलेल्या माणसाला त्या लगेच ओळखता येतात. वजा ची तार बहुधा गाडीच्या अंगाला जोडलेली असते.

तार काढताना आधी वजा ची काढावी. जोडताना वजा ची शेवटी जोडावी. असे का? वजा ची तार जोडलेली असताना अधिक च्या खुंटीवर पाना लावला आणि पान्याचे दुसरे टोक गाडीच्या पत्र्याला लागले, तर मोठी ठिणगी उडते. पाना तापून लाल होतो. हाताला चटका बसतो. वजा ची तार आधीच सुटलेली असली, म्हणजे ही भीती नाही.

बॅटरीपाशी विडी ओढू नये, कंदील आणू नये. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. आतले पाणी हे तेजाब असते. ते अंगावर उडाले, तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेले, तर पाण्याने धूत राहावे आणि दवाखाना गाठावा. कामाला लागण्याआधी हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवावे.

पेचकस आणि हातोडी

पेचकस दोन तऱ्हांचे असतात. एक चपट्या टोकाचा, दुसरा फुलीच्या टोकाचा. स्क्रूच्या डोक्यावर एक चीर असेल तर चपटा. फुली असेल तर फुलीचा. टोक खाचेत घट्ट बसले पाहिजे. लहान पेचकस मोठ्या स्क्रूला लावला, की खाच झिजते आणि स्क्रू जन्माचा अडकतो. पेचकसाने झाकण उचकटू नये. त्याच्या मुठीवर हातोडी मारू नये.

हातोडीचा घाव बोल्टच्या आट्यांवर थेट मारू नये. आटे चेपतात आणि मग नट चढत नाही. मध्ये लाकडाचा तुकडा धरावा.

काय घरी करू नये

ब्रेकचे काम घरी करू नये. स्टिअरिंगचे काम घरी करू नये. गॅसवर चालणाऱ्या गाडीच्या टाकीला, नळ्यांना हात लावू नये. नव्या गाड्यांत अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या असतात. त्यांच्याजवळच्या तारांना हात लावू नये. ही कामे जाणत्या मिस्त्रीचीच. दोन पैसे वाचवायला गेलो आणि ब्रेक लागला नाही, तर ते पैसे कोणाच्या कामाचे?

हत्यारांची पेटी

आता त्या घरी काय झाले ते सांगतो.

मिस्त्रीमामा गेल्यावर ओसरीवर बसलेली आजी म्हणाली, "देवघरातली समई कुणी गोठ्यात नेतं का? मग गाडीचा पाना विहिरीवर का नेता?"

सगळे हसले. पण घरधन्याला ते बोलणे लागले. ते आमच्या रात्रवर्गात नुकतेच लिहायला शिकले होते. त्यांनी एक पत्र्याची पेटी आणली. विहिरीवरच्या इंजिनासाठी वेगळे पाने घेतले. मग पांढरा रंग घेऊन पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने, मोठ्या अक्षरांत, सावकाश लिहिले:

जॅक १
जॅकचा दांडा १
चाकाचा पाना १
रिंग पाने ६
फिक्स पाने ६
पेचकस २
पक्कड १
हातोडी १
लाकडी फळी १
पाचरी २
हवा मोजायचा गेज १
टॉर्च १
फडके १

शेवटी त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: "मोजून घ्या. मोजून ठेवा."

ही चार शब्दांची ओळ फार मोलाची आहे. काम संपल्यावर हत्यारे मोजली, तर एखादा पाना इंजिनावर विसरून राहत नाही. हत्यारे पुसून ठेवली, तर ती गंजत नाहीत. तेलकट पाना हातातून निसटतो. कोरडा पाना हुकमी चालतो. महिन्यातून एकदा स्टेपनीतली हवाही पाहावी. स्टेपनीच बसलेली असेल, तर चांगला पाना असून काय कामाचा? तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

२०१४ सालापासून महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर फोन केला, की दवाखान्याची गाडी येते. तिला पैसे पडत नाहीत. घरात कोणी अडले, तर आधी १०८ लावावा. हा आकडा घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा. पण कधी रस्ता वाहून जातो, कधी फोन लागत नाही. अशा वेळी घरचीच गाडी काढावी लागते. त्या गाडीत चाकाचा पाना असलाच पाहिजे.

पुढे आम्ही त्या गावी पुन्हा गेलो, तेव्हा ते मूल अंगणात धावत होते. जीप तीच होती. आम्ही पेटी उघडून पाहिली. झाकणावरची अक्षरे थोडी पुसट झाली होती. पण चाकाचा पाना जागेवर होता.

लक्षात ठेवा

१. नटाच्या मापाचाच पाना घ्या. पान्यावरचा आकडा वाचा.
२. नट सोडवायला पक्कड लावू नका.
३. पान्यावर उभे राहू नका. पान्याला पाईप जोडू नका.
४. आधी नट ढिले करा, मग गाडी उचला.
५. जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका.
६. बॅटरीची वजा ची तार आधी काढा, शेवटी जोडा.
७. हत्यारे मोजून घ्या, मोजून ठेवा.

तुम्हीच सांगा

१. ओढ्याजवळ पाना आल्यावरही चाक का निघाले नाही?
२. पाच नटांचे चाक कोणत्या क्रमाने आवळाल?
३. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या गाडीत चाकाचा पाना आहे का? आज जाऊन पाहा. त्यावरचा आकडा वहीत लिहा.